व्याह्यांना लिफ्टपर्यंत पोचवताना

ती. सौ. हरणाक्का,

तुझ्या धाकट्या बाळगोंडाचा साष्टांग नमस्कार (डॉक्टरांनी वाकायची बंदी केलीय, तवा सध्या कागदावरचाच घे). तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि आटपाडीची हवा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. म्हणजे, चालतो म्हणायचं.

तुझ्या भावजयीनं, त्रिशलानं, ओसरी धुतली होती. पाय ठेवू नका म्हणाली, म्हणूनच ठेवला. खुब्याचं हाड मोडलं, सांगलीत ऑपरेशन झालं आणि खरी करमणूक तिथून पुढं सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी रेश्मा नावाची सिस्टर वॉकर घेऊन आली आणि उठा म्हणाली. मला वाटलं, बाईचा पेशंट चुकला. अगं, हाड मोडलेल्या माणसानं पडून राहायचं ही आपल्याकडची रीत. बघायला येणारा प्रत्येक जण शहाळं खाली ठेवायच्या आधी 'उठू नका, उठू नका' म्हणतो, आणि मी पडलो भिडस्त, कुणाचा शब्द मोडवत नाही. (भीती वाटत होती हेही खरं. पाय टेकला की पुन्हा कडकन आवाज येईल असं वाटायचं.)

रेश्मानं लय समजावलं. पडून राहिलात तर छातीत कफ साचेल, पायात रक्ताच्या गुठळ्या होतील, पाठीला जखमा पडतील. तव्यावरच्या भाकरीसारखी ती मला या कुशीवरून त्या कुशीवर उलटायची, आणि उठायचा विषय निघाला की मी घोरायचं सोंग करायचो. मग पोट साफ होईना, पाठीवर लाल चट्टा उठला, मांडी तर लेंग्यात सापडेना. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. आता मळ्यात जायचं ते चौघांच्या खांद्यावरूनच, असं वाटून एका दुपारी चक्क रडलो (त्रिशलाला सांगू नकोस).

त्याच दुपारी रेश्मा वॉकर घेऊन माझी मनधरणी करत होती, तेवढ्यात दारात आपल्या ब्राह्मीचे सासरे, तासगावचे भरतेशअण्णा. आता लेकीच्या सासऱ्यासमोर आडवं पडायचं म्हणजे काय? सवयीनं उठायला गेलो, वॉकर धरला आणि रेश्माच्या आधारानं उभा राहिलो. दुखलं ते नंतर.

अण्णा म्हणाले, "उठू नका."

मी म्हटलं, "उठलोय की वो."

रेश्मा हसत सुटली. तिला माझं औषध सापडलं होतं. तिनं अण्णांचा नंबर घेतला आणि त्यांना रोज बोलवायला लागली. बरं, व्याही निघाले की पोचवायला नको? आधी दारापर्यंत गेलो, मग व्हरांड्यात, आता लिफ्टपर्यंत जातो. 'बरं, येतो' म्हटल्यावर अण्णांच्या बेदाण्याच्या गप्पा सुरू होतात आणि लिफ्ट तीनदा येऊन रिकामी जाते. माझी केळीही तेच खातात. पण कफ सुटला, चट्टा फिका पडला, आणि पोटाचं विचारशील तर आता तक्रार नाही.

तुझा,
बाळगोंडा

ता. क. केळी संपलीत. आटपाडीची डाळिंबं पाठव, अण्णांना आवडतात.

आणखी एक ता. क. डाळिंबं हे निमित्त. अक्काला इकडं येऊ देऊ नका, असं घरात मीच बजावलं होतं. मला आडवं बघून तू रडली असतीस आणि मग मला आवरलं नसतं. आता ये. पण वर यायचं नाही, खाली फाटकापाशी थांबायचं. तुला घ्यायला मी येतो. वेळ लागेल, चिडू नकोस.