खाली चित्ती, वर आई

१६ जून, सोमवार

सेंदिलच्या वकिलाची नोटीस आली. वसुचा ताबा हवा आहे त्याला, तिच्या बापाला. मुलगी माझी, माझ्या घरी नाचियार्कोविलला वाढेल, असं लिहिलंय त्याने.

पोस्टमनने सही घेतली ती खाली, घरमालकीण मामींच्या ओसरीवरच. मामी अवरेच्या शेंगा सोलत होत्या. "कोर्टाचं का गं?" मी म्हटलं, पुस्तकाच्या कराराचं आहे. किती पटकन आलं तोंडात.

वर येऊन वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात आहे: आई स्वतःच मुलीला आपली म्हणत नाही. चारचौघांत ती मुलीची चित्ती असते. खोटं असतं तर रागावता आलं असतं.

चित्ती म्हणजे मावशी. घरात मराठी, म्हणून घरात आई. दाराबाहेर कुंभकोणम, तिथे तमिळ, आणि तमिळमध्ये मी चित्ती. मग अम्मा कोण? लोकांना सांगायला, बेंगळुरूला असते ती, म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. वसु बोलायला लागली तेव्हापासून असंच. शाळेतून आली की दार उघड म्हणून रस्त्यावरून ओरडते, "चित्ती, कदवु!" जिन्याच्या वळणाला मामींचं दार दिसेनासं होतं, तिथून पुढे, "आई, भूक." मला कौतुक वाटायचं. एवढीशी पोर, कुठे कुठली भाषा ते बरोबर कळतं तिला.

१८ जून, बुधवार

वकीलबाई हसतमुख आहेत, त्यामुळे जास्त अवघड. म्हणाल्या, घाबरू नका, लग्नाशिवायच्या मुलाचा पालक कायद्याने आधी आई, मग बाप. तुमची बाजू भक्कम. फक्त मुलीच्या हिताचं काय ते कोर्ट बघेल. मुलीशी बोलेल.

"लग्न का केलं नाहीत, विचारतील."

म्हटलं, माझा लग्नसंस्थेवर विश्वास नाही. त्यांनी लिहून घेतलं. मी हे छापलंही आहे, दोनदा. सेंदिलने दोनदा विचारलं तेव्हा त्यालाही हेच सांगितलं.

खरं हे की आमच्या नात्यात अजून तंजावरच्या दरबारातल्या पणजोबांच्या गोष्टी सांगतात, आणि सेंदिलच्या हाताला पितळेचा वास येतो. समया घडवतो तो. त्याची आई उंबऱ्यात बसून चिंचेने त्या घासते. मी तिच्या शेजारी बसून जेवले आहे, आवडीने. पण ती माझी सासू, असं मोठ्याने म्हणायचं

पुरे.

२२ जून, रविवार

नेहमीप्रमाणे वसुला घ्यायला आला. नोटीस पाठवूनही. बसस्टँडवर उभे राहिलो, मध्ये वसु, दोघांचं एकेक बोट धरून.

चित्तीचं त्याला कसं कळलं ते विचारलं. एप्रिलमध्ये शाळेच्या फाटकाशी उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, तुम्ही अप्पा ना? मग तिच्या चित्तीला सांगा, टोपी राहिली आहे. त्याला वाटलं, कोण चित्ती? घरी येऊन वसुलाच विचारलं. तिने समजावून सांगितलं म्हणे, मोठ्या माणसाला सांगावं तसं. अप्पा, ते बाहेरचं असतं.

"आमच्या गल्लीत ही कोणाची, ते कुत्र्यालाही माहीत आहे," सेंदिल म्हणाला. "तुझ्या गल्लीत?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं. बस आली. खिडकीतून वसु ओरडली, "पोयिट्टु वरेन्, चित्ती!" येते म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच, माझ्यावर दया म्हणून.

४ जुलै, शुक्रवार

पुण्याहून संपादकांचा फोन. दिवाळी अंकाला लेख हवा. मागच्या वर्षीचा 'एकटीचं मूल' अजून लोकांच्या लक्षात आहे म्हणे. "फार धीट लिहिलंत हो तुम्ही."

कुंभकोणमला मराठी कोण वाचतं. जे वाचतात ते माझ्यासारखंच घरात बोलतात आणि घरातच विसरतात.

म्हटलं, यंदा जमणार नाही.

१० जुलै, गुरुवार

आज समुपदेशनाची तारीख होती.

काल वकीलबाईंनी बजावलं होतं, मुलीला तयार करून आणा, अम्मा म्हणू दे. मी काही केलं नाही. पढवायची लाज वाटली. एक खोटं पढवलं तेव्हा नव्हती वाटली, आणि खरं पढवताना वाटली. सकाळी एवढंच म्हटलं, त्या बाई विचारतील ते नीट सांग. मान हलवली.

खोलीत खेळणी, भिंतीवर मोर. समुपदेशक बाई वयस्क, मऊ आवाजाच्या. सेंदिल बाहेर बाकावर. तमिळमध्येच विचारणार, दुसरं काय. नाव काय, शाळा कोणती. मग माझ्याकडे बोट. "इवंग यारु, कण्णा?" ह्या कोण?

वसुने आधी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाली, काळजी करू नकोस.

"चित्ती."

"मग अम्मा?"

"अम्मा बेंगळूर."

"अप्पा?"

"बाहेर बसलेत ना. निळा शर्ट."

बाईंनी काही टिपून घेतलं. मला बोलता आलं असतं. माझ्या तोंडाला कोणी हात लावला नव्हता.

जिन्यात वसु कानाशी आली. आमच्या मराठीत, हळूच. "आई, बरें सांगितलें ना मी?"

बरं सांगितलंस म्हटलं. काय म्हणणार होते?

११ जुलै, शुक्रवार

पुढची तारीख सात ऑगस्ट. तोवर ती माझ्याकडे, रविवारी त्याच्याकडे. त्या दिवशी बाई तिच्याशी पुन्हा बोलणार, मग अहवाल.

लिहायला बसले, काही नाही.

ती मला राखत होती. हे डोक्यातून जात नाही.

१९ जुलै, शनिवार

अक्का आली. आल्या आल्या, पिशवीही खाली ठेवली नाही: "मला म्हणे कोर्टात आई करून टाकलीस."

"मी नाही. वसुने."

"तिला कुणी शिकवलें?"

मग वसुच्या केसांना तेल लावत बसली आणि बोलत राहिली. "हे अस्कें तिरुक्करुगावूरला सुरू झालें. आठवतें का तुला?" आठवतं. गर्भाचं रक्षण करणारी तिथली देवी, तिचं तेल पोटाला लावतात. पोट दिसत नव्हतं अजून. पुजाऱ्याने विचारलं, तेल कुणासाठी? मी गप्प. अक्काने हात पुढे केला. "पुजाऱ्याने माझें गोत्र विचारलें, माझ्या नवऱ्याचें नाव विचारलें. तेल तू लावलेंस, नाव माझें. तेम्हांपासून मी ह्या पोरीची आई, आणि पोरीला न्हाऊमाखू घालणारी तू. एक साडीसुद्धा दिली नाहीस गं त्याबद्दल."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"माझ्या मांडीवर येऊन कुणी आई म्हणेल म्हणून मी किती वर्षें वाट पाहिली, ठाऊक आहे तुला. ही म्हणाली. तेंही तमिळमध्यें, लोकांसमोर, खोटें खोटें." तेलाचे हात पदराला पुसले. "कोर्टात बोलावलें तर मी खरें सांगीन. मग मला बोलू नको."

तिला काय होत असेल, हा विचार मी कधी केला नव्हता. तिचा रिकामेपणा सोयीचा होता, वापरला.

२५ जुलै, शुक्रवार

मामींना सांगायचं ठरवून खाली गेले. हातात पिठल्याची वाटी, निमित्त हवं म्हणून. आडी, देवीचा महिना, दारात कोलम्ची मोठी रांगोळी, तिला ओलांडून गेले. कडुलिंबाचा डहाळा, शेवग्याच्या शेंगा कुठे बऱ्या मिळतात, पट्टीश्वरम्च्या देवळातली गर्दी. सगळं बोलले. वाटी रिकामी करून परत मिळाली, वर आले.

वसुने विचारलं, "मामी काय म्हणाल्या?"

"पिठलं छान झालंय."

२८ जुलै, सोमवार

सांगितलं.

पाण्याच्या नळाशी, बादली भरत असताना. तयारी करून नव्हेच. "मामी, वसु माझीच मुलगी आहे. मीच तिला जन्म दिला." तमिळमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. व्याकरण चुकल्यासारखं वाटलं.

मामींनी नळ बंद केला. वाटलं, आता घर सोड म्हणतील. किंवा, मला काय डोळे नाहीत? म्हणतील. दोन्हीची उत्तरं तयार होती.

म्हणाल्या, "पोरीला सांगितलंस?"

"तिला माहीत आहे, मामी."

"ते नाही गं. आता लपवायचं नाही, हे सांगितलंस?"

बादली उचलून आत गेल्या.

३१ जुलै, गुरुवार

सांगितलं वसुला. आता बाहेरसुद्धा मी अम्मा. मामींसमोर, शाळेत, सगळीकडे.

तिने विचारलं, "मग अक्का-अम्मा?"

"ती पेरियम्मा. मोठी मावशी."

"तिला वाईट वाटेल."

मग, "तू आधी का नाही म्हणू द्यायचीस?"

भीती वाटायची म्हटलं.

"कुणाची?"

मला एकाही माणसाचं नाव सांगता येईना.

३ ऑगस्ट, रविवार

आडिपेरुक्कु, कावेरीच्या वाढत्या पाण्याचा सण. रविवार सेंदिलचा, पण सणाचा म्हणून त्याने सोडला. फोनवर म्हणाला, कावेरीला पाणी आहे, हात सोडू नको तिचा. हे तो कोर्टाच्या भाषेत म्हणत होता की बापाच्या, कळलं नाही. नेमकं हेच कळत नाही हल्ली.

मामींबरोबर घाटावर गेलो. चिंचभात, दहीभात, हळदीचे दोरे. पायऱ्यांवर बायकाच बायका. मामींनी वसुच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला. माझ्याही. गाठ जरा घट्ट.

शेजारच्या एका बाईने वसुला विचारलं, कुणाबरोबर आलीस गं? कौतुकानेच.

वसु माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली, म्हण. मामीही ऐकत होत्या. तिचे ओठ 'अ'साठी उघडले, दिसलं मला. मग मिटले.

"इवंगकूड."

ह्यांच्याबरोबर. अनोळखी मोठ्या माणसाबद्दल बोलतात तसं, आदराने.

बाई हसून दुसरीकडे वळली. मी भाताचा घास घेतला. चित्ती होते तेव्हा निदान नात्यातली होते.

घरी येताना तिने विचारलं, "रागावलीस?" नाही म्हटलं. "तो शब्द आला होता गं. पण मग लोक बघायला लागतील ना." माझंच वाक्य. ती दोन वर्षांची असताना ह्याच रस्त्यावर, तिच्या ओठांवर बोट ठेवून.

५ ऑगस्ट, मंगळवार

परवा तारीख. वकीलबाई म्हणतात, आता तरी तयारी करून घ्या. अक्काचा फोन, मी येते. सेंदिलचा फोन नाही. त्याच्याकडे ती गेली तर तिला कुणाला काय म्हणायचं ह्याचा विचार करावा लागणार नाही, हे आज सकाळी भांडी घासताना स्पष्ट दिसलं. तरी देववत नाही. हे प्रेम की नुसती ओढ, कोर्ट कसं ठरवणार, मलाच

सकाळी वेण्या घालत होते. आरशात बघत म्हणाली, "आई, मोराच्या खोलीत काय म्हणू?"

"तुला वाटेल ते."

"तुला काय बरें वाटेल?"

रिबिनीची गाठ चुकली, पुन्हा बांधली. रिक्षा आली, ती गेली. उत्तर दिलेलं नाही. दिवसभर हेच, लिहिणं नाही, स्वयंपाक अर्धा.

आता खाली रिक्षा थांबली. मामी तिच्याशी काही बोलताहेत. रस्त्यावरून हाक येते रोज, आज नाही आली. फाटक वाजलं. पावलं जिन्यावर, दप्तर कठड्याला घासतंय. मी दार उघडून ठेवलं आहे.

मामींचं दार दिसेनासं होतं त्या वळणावर थांबली आहे.