मीठ बघायला कोणी नव्हतं

आई, परवा मी घरात खिम्याच्या गोळ्यांचं सूप केलं, नूडल्स घालून. तुला हा प्रकार माहीत असायचं कारण नाही. माझी लेक, तुझी नात, मांद्र्याला एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करते, तिथे ती शिकली. तापाने फणफणून घरी आली आणि पेज पुढे केली तर तोंड फिरवून म्हणाली, "पेज नको गे. तां सूप कर, मी सांगतंय तसा." नवरा गेल्यापासून मी मासे-मटण तोंडाला लावलेलं नाही, हे तुला सांगायला नको. ते तूच सोडायला लावलंस.

चोपड्याचं आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा गेले आणि तू मासे खाणं बंद केलंस, पण रांधणं काही सुटलं नाही. आजीला, काकांना रोज दुपारी भातावर माशांचं हुमण हवंच. नदीवरून कोळंबी, आपली सुंगटं, यायची. तू ती सोलतेस, नारळ वाटतेस, आणि शेवटी डावातला थेंब माझ्या तळहातावर टाकतेस. "मीठ बघ गे." मी चाटते. तू माझ्या तोंडाकडे बघत राहतेस. त्या वासाने तुझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि तू ते गिळायचीस, हे मला लहानपणीही कळायचं. तेव्हा तुझी फार दया यायची.

मग मी लग्न होऊन इकडे नार्व्याला आले, आणि माझ्यावरही तीच वेळ आली. बारावं-तेरावं उरकलं तशी तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "आता तू नुस्तां सोड." मी म्हटलं, पोर लहान आहे, तिच्यासाठी मासे करावेच लागणार. "कर. खाव नको. माका जमला, तुकाय जमतला. लोक काय म्हणतले?" माझ्या सासूने हा विषयसुद्धा काढला नव्हता. ती बिचारी खाली मान घालून बसली होती. तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली असेल, ते मी समजू शकते. माझ्यावर ती तू केलीस. स्वतः भोगलंस तेच लेकीच्या ताटात वाढलंस, आणि वर त्याला अब्रू म्हणालीस. तू गेलीस तेव्हा सगळे म्हणत होते, काय सोसलं बाईने. मला रडू आलं नाही, चीड आली.

असो. पाव भिजवून पिळला, कोंबडीच्या खिम्यात घातला, आलं-लसूण आणि मिरी घालून मळलं, ओल्या हाताने गोळे वळले. पाण्यात परसातला गवती चहा टाकला आणि उकळी आल्यावर एकेक गोळा सोडला. लेक खाटेवरून हुकूम सोडत होती, "नूडल्स वेगळ्यो शिजय, नायतर लगदो जातलो." सगळं झालं, मीठ राहिलं. डाव घेऊन तिच्याकडे गेले. तिने जिभेला लावलं आणि म्हणाली, "माका काय कळना गे. सगळाच कडू लागता. तूच बघ."

गॅसपाशी येऊन उभी राहिले. हुमण असतं तर अंदाजाने मीठ घातलं असतं, पण या पदार्थाची हाताला सवय नाही, आणि पोरीच्या पोटात कालपासून अन्न नाही. मी डाव तोंडाला लावला. मीठ कमी होतं. घातलं, परत बघितलं. मग बघायची गरज नव्हती तरी बघितलं.

ती जेवून झोपली. मग मी माझ्यासाठी वाडगा भरला आणि खाली बसून सगळं खाल्लं. पश्चात्ताप झाला नाही. उलट तुझा राग जास्तच आला, कारण ते फक्त जेवण होतं. साधं, गरम, बरं वाटणारं जेवण. एवढ्यासाठी तू माझी इतकी वर्षं कोरडी घालवलीस, आणि तुझी त्याहून जास्त.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. तू समोर असतीस तर माझी जीभ रेटली नसती. आणि उगाच शूरपणाचा आव कशाला आणू? वाडगा हातात घेण्याआधी मी उठून मागच्या दाराला कडी घातली होती.