सरोजिनीने अण्णांची मोटारसायकल चालू केली, त्याबद्दल

कर्वेनगर, पुणे
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप श्यामदादा यांना बाळचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे सुखरूप आहोत, म्हणजे सरोजिनी पूर्ण आणि मी बराचसा. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची साखर कशी आहे? तुमच्या चि. मैत्रीच्या लग्नाची पत्रिका पोचली. (माझं आडनाव चुकलंय, पण तुमच्याकडे ते माझ्या लग्नापासून चुकतंय, तेव्हा राहू द्या.)

लिहायचं कारण, तुमच्या बहिणीचं कौतुक कुणाजवळ तरी करायला हवं, आणि तिच्यासमोर केलं तर ती माझा ताप बघते.

अण्णा गेल्यावर त्यांची मोटारसायकल तुम्ही महाडहून, लेकीकडे राहू दे म्हणून, आमच्याकडे पाठवलीत, तेव्हापासून ती पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी पोपटराव यांनी फलकावर लिहिलं, 'मयत वाहने रविवारी भंगारात दिली जातील. नातेवाइकांनी नोंद घ्यावी.' मी भेटून भावनिक बाजू मांडली. ते म्हणाले, चालू झाली तर गाडी, नाही तर लोखंड. मी वर येऊन हे सांगितलं तेव्हा सरोजिनी मटार सोलत होती. तिने सगळे मटार सोलले, हात धुतले, आणि शाळेतून निवृत्त होताना साडीऐवजी मागून घेतलेला, वीज मोजायचा मल्टिमीटर कपाटातून काढला. (पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईशी लग्न केलं की घरातलं काहीच उगाच बिघडत नाही, सगळ्याला कारण असतं. बहुतेक वेळा मी.)

तिचं म्हणणं सोपं होतं. इंजिन पेटायला ठिणगी लागते, आणि ती येत नसेल तर वाटेत कुठे अडते ते एकेक भाग तपासून बघायचं. मी हिशेबतपासनीस होतो. आमच्याकडे आधी माणूस धरत आणि मग चूक शोधत, त्यामुळे ही पद्धत मला नवी होती. तिने प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि मला किक मारायला लावली. ठिणगी आली, पण पिवळी, मरगळलेली. नवा प्लग लावला, तरी तशीच. मग प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलची पाळी. मला वायर धरायला सांगून तिने स्वतः किक मारली. 'फक्त रबराला धरा' हे वाक्य जरा आधी यायला हवं होतं. मी मागच्या मागे सायकलींच्या स्टँडमध्ये जाऊन बसलो. ती धावत येईल असं मला वाटलं. ती जागेवरूनच म्हणाली,

"छान. म्हणजे कॉइल शाबूत आहे."

त्यानंतर आम्ही दोघं डोक्यावर ताडपत्री घेऊन अंधार करून बसलो. (जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.) पॉइंट नावाचे दोन इवलेसे तुकडे उघडझाप करतात, तिथे चांगली टपोरी निळी ठिणगी उडत होती. नको तिथे भरपूर आणि हवी तिथे नाही, म्हणजे ती आवरणारा कंडेन्सर गेला, असं तिने सांगितलं. नाना पेठेतली सुट्या भागांची दुकानं पालथी घालून तो आणला आणि तिने स्वतः बसवला.

आज सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात आला. पोपटराव हाताची घडी घालून उभे. सरोजिनीने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. टेम्पोवाल्याने माल चढवायला मागचा फाळका पाडला. दादा, तिचा चेहरा मी इतका उतरलेला अण्णांच्या अंत्ययात्रेनंतर पाहिला नव्हता. मग तिने गाडी हळूच स्वतःकडे कलती केली, अण्णा थंडीत पेट्रोल उतरावं म्हणून करायचे तशी, थोडं थांबली, सरळ केली आणि किक मारली. पेटली. त्या धुरात पोपटराव दिसेनासे झाले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, आवाज जरा जास्त आहे. ती टाकीवर हात ठेवून उभी होती. मला म्हणाली, "हा आवाज वळणावर आला की मी आणि दादा पुस्तकं उघडायचो."

पोपटरावांनी फलक पुसला नाही, पण 'मयत' खोडून 'आजारी' केलं आहे.

वहिनींना जय भीम, मैत्रीला आशीर्वाद.

आपला,
बाळ

ता. क. : खरं काम आता लिहितो. लग्नाला याच गाडीवरून महाडला यायचं तिने ठरवलं आहे. मी मागे बसायचं. माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे. कृपा करून तिला फोन करा आणि वाटेतला वरंधा घाट बंद आहे असं ठणकावून सांगा. कौतुक वगैरे सगळं खरंच आहे, पण ते एसटीने आलो तरी खरंच राहील.

ता. ता. क. : दादा, सरोजिनीचा जय भीम. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं. घाट उघडा आहे, मी विचारून घेतलं. तेव्हा टपालखर्च वाचवून मीच गाडीवरून महाडला येऊन हे देते आहे. वाचून झालं असेल तर दाराबाहेर या. गाडी अजून बंद केलेली नाही.