शिंकेचं कारण

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. बाबांना तुझ्या हातचं जेवण मानवतंय हे वाचून बरं वाटलं.

रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? नाक मुरडू नकोस, पण असल्या गोळ्यांची पहिली कल्पना एका सापाच्या विषावरूनच सुचली. गोळीत विष नाही, फक्त युक्ती त्याच्याकडून शिकलेली. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतेस तू. आमचं तर पोटच त्या परीक्षेवर चालतं.

फुरशाच्या विषातला आमचा घटक चाचण्यांत अजून टिकून आहे. बहुतेक अर्ध्या वाटेतच गळतात. रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध त्यातून होईल, अशी आशा आहे. बाबांच्या मेंदूत गुठळी होऊन त्यांची वाचा गेली, तेव्हापासून मी याच कामाला चिकटून आहे, हे तुला ठाऊकच आहे.

फोनवर माझा आवाज बसलेला वाटला तुला. मी सर्दी म्हणाले. ती सर्दी नाही, ताई.

विष सुकवलं की त्याची पिठाहून बारीक भुकटी होते. डबी उघडली की थोडी उडतेच. वर्षानुवर्षं ती नाकात गेली आणि माझं शरीर तिच्यावर उलटलं. आधी शिंका, मग अंगावर गांधी, गेल्या महिन्यात तर श्वासच कोंडला. मी साबण बदलला, उशी बदलली, शेजारणीच्या अत्तराला नावं ठेवली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "काम सोडा. आता साप चावला, तर विष भिनायच्या आधी तुमचं शरीरच तुमचा घात करेल." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. कुणाला बोलले नाही.

काल विष काढताना फुरशाचं डोकं चिमटीत होतं आणि शिंक आली. साप सुटला. समोर माझी जोडीदारीण होती. आवाज बारीक, म्हणून तिला चिमणी म्हणतो. साप तिच्या मनगटाला घासून टेबलाखाली गेला. दात लागले नाहीत, एवढंच नशीब. साप पेटीत गेल्यावर ती हसत म्हणाली, "अगं, शिंकायचं तर आधी सांगत जा की!" मला रडूच फुटलं. माझा जीव मी पणाला लावत होते, तोवर तो माझा होता. तिचा लावायचा मला काय अधिकार?

आज साहेबांना सगळं सांगितलं. उद्यापासून त्या खोलीत मला मज्जाव. चिमणी साप धरेल, मी वरच्या मजल्यावर कागद तपासेन. औषध झालंच तर माझ्या हाताशिवाय होईल. फार वाईट वाटतंय गं.

बाबांना तू सांग. मी आले की ते माझे दोन्ही हात हातात घेतात, उलटसुलट करून चाव्याच्या खुणा शोधतात. त्यांना सांग, आता शोधू नका.

तुझी सुखरूप, आणि जराशी रिकामी,
धाकटी