मास्तरांना निसर्ग आठवला

गुरुवार, १८ नोव्हेंबर १९७६

मास्तरांचं माझ्यावर प्रेम जडलं आहे! लग्नाच्या सातव्या वर्षी, दोन पोरी झाल्यावर, भाकर खाता खाता.

देवमन मास्तर म्हणजे कामरगावच्या अर्ध्या पोरांचे मास्तर. मीही त्यांना मास्तरच म्हणते. नाव कोण घेतं! तर मास्तर म्हणाले, "शनवारी शाळा सुटली का आपन जंगलात जाऊ. कारंज्याच्या पल्याड फॉरेस्टचा बंगला हाय. दोन रात्री राहू. तू अन मी."

मी विचारलं, "कायले?"

"निसर्ग," ते म्हणाले.

या माणसानं सात वर्षांत मला निसर्ग दाखवला तो एकदाच. अंगणातला उकिरडा. म्हणाले होते, तिथं दोडक्याचा वेल लाव.

घरात खोल्या दोन. एकीत चूल, दुसरीत आम्ही सगळे — मास्तर, मी, विशाखा, सुजाता आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्याबाईंची झोप इतकी हलकी की मी कूस बदलली तरी "काय झालं व?" असा आवाज येतो. आम्ही दोघं एका खोलीत एकटे शेवटचे कधी होतो? सुजाताच्या वेळी, दवाखान्यात. मी अर्धी बेशुद्ध. डॉक्टरीणबाई मास्तरांना सांगत होत्या, आता तिसरं नको, बाई हाती लागणार नाही. मास्तर मान हलवत होते. घरी आल्यावर आत्याबाईंनी नातवाचा विषय काढला, तेव्हाही मास्तर तश्शीच मान हलवत होते!

आत्याबाईंनी विचारलं, "जंगलात कोनाचं लगन हाय?"

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

आत्याबाई म्हणाल्या, "मी बी येते. मले हवापालट होईन."

मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेवटी "तिथं अस्वल हाय माय, परवाच एका बाईले फाडलं," असं सांगून त्यांनी ते संकट टाळलं. म्हणजे आई अस्वलापासून वाचली. बायकोचं काय ते बायको पाहून घेईल.

सगळे मास्तर सध्या नसबंदीच्या केसी शोधत वणवण फिरत आहेत. वरून हुकूम आहे. केस नाही आणली तर बदली, नाहीतर स्वतः टेबलावर. पंजाबराव मास्तर तर भाजीबाजारात लोकांच्या मागं धावताना दिसले. आमचे मास्तर निवांत. "माह्या दोन केसी झाल्या," म्हणतात. म्हणून तर यांना प्रेम सुचतं.

लग्नातली हिरवी साडी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास काही जाईना. असू दे, अस्वल लांब राहील.

शनिवार, २० नोव्हेंबर, बंगल्यावर, दिवेलागण

पोहोचलो. कारंज्यापर्यंत एस.टी., पुढं सरकीच्या पोत्यांवर बसून ट्रकमध्ये, आणि शेवटचे दोन मैल निसर्गातून पायी. निसर्गात कुसळं फार आहेत. साडीच्या काठात एवढी बसली की नक्षी म्हणून खपावी.

बंगला म्हणजे एक खोली, एक व्हरांडा. खोलीत दोन लोखंडी खाटा, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. मधे टेबल. टेबलावर कोण्या साहेबानं विसरलेला एक मोजा. मी मोजा उचलून खिडकीबाहेर टाकला. वानरानं तो उचलला, हुंगला, आणि परत टाकला.

चौकीदार किसनसिंग आणि त्याची बायको मोतीबाई मागच्या झोपडीत राहतात. किसनसिंगला बोलायला माणूस लागतो. मास्तरांना आज माणूस नको आहे. ते व्हरांड्यात बसून आतापर्यंत सहा वेळा म्हणाले, "किती शांत हाय!" सहाव्या वेळी मी म्हटलं, "हो, पन तुमी बोलून राह्यले ना."

एक गंमत झाली. किसनसिंगनं रजिस्टर पुढं केलं. नाव, गाव, धंदा. मास्तरांनी धंद्याच्या रकान्यात लिहिलं — शेतकरी. मी पाहिलं तर म्हणाले, "आपलं वावर हाय ना चार एकर."

आणखी एक. लांबून जीपचा आवाज आला की हे खोलीत जातात. दोनदा गेले. मला वाटलं, माझ्यासाठी खोलीत जातायत. मीही मागं गेले. तर हे दाराआड उभे, भिंतीला पाठ लावून! मला पाहून म्हणाले, "हवा लागते बाहेर."

याला प्रणय म्हणतात म्हणे.

रविवार, २१ नोव्हेंबर, सकाळ

वानरांनी चिवडा नेला. डब्यासकट.

रविवार, दुपार

आता कळलं! सगळं कळलं!

मास्तर ओढ्यावर अंघोळीला गेले होते. किसनसिंग जळण घेऊन आला आणि मला म्हणाला, "बाई, मास्तरले सांगा, भेऊ नका. नसबंदीवाली जीप इकडं येत नाई. रस्ता खराब हाय."

मी म्हटलं, "मास्तर? त्यायनं तर शेतकरी लिवलं."

तो हसला. सगळे दात दाखवून हसला. "शेतकरी कोनी जंगल पाहाले येते काय बाई? तेही ऐन कापूस येचाच्या दिवसात? आठ दिवसांत हे चवथे मास्तर हायेत. मांगच्या शुक्रवारी एक आले, तीन दिवस खाटेखालीच. कॅम्प उठला का जातात बिचारे. तुमच्या गावचा कॅम्प सोमवारपर्यंत हाय ना?"

"हो," मी म्हटलं. जणू मला माहीतच होतं.

"पन बायकोले घेऊन आलेले हेच पयले," तो म्हणाला. "डोकं हाय मास्तरले."

डोकं आहे! एकटा पळाला असता तर गाव म्हणालं असतं, पळाला. बायकोला घेऊन गेला म्हणजे हौस. मी सहलीला आले नव्हते. मी पांघरूण होते, मास्तरांनी डोक्यावरून घेतलेलं.

मास्तर ओले केस घेऊन गुणगुणत आले. मी विचारलं, "तुमच्या दोन केसींची नावं सांगा."

गुणगुणणं थांबलं.

"सांगा ना. कोन कोन?"

"एकबी झाली नाई," ते म्हणाले. "मंग त्यायनं माहंच नाव यादीत टाकलं. दोन लेकरं हायेत म्हनून."

मी चप्पल घातली आणि ओढ्याकडं निघाले. मागून आले नाहीत. जंगलात अस्वल आहे असं स्वतःच सांगितलं होतं ना!

ओढ्यावर मोतीबाई गोधडी धूत होती. मी तिथं बसले आणि रडले. चांगली हुमसून रडले, घरी जागाच नसते. मोतीबाईनं गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "पिळ," म्हणाली. आम्ही दोघींनी पिळली. ती पिळताना मी कोणाचा गळा डोळ्यांपुढं आणला ते इथं लिहीत नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर, सकाळ, अजून बंगल्यावरच

काल मास्तर शेवटी ओढ्यावर आले. ऊन कलतं होतं. मोतीबाई गोधडी खांद्यावर टाकून निघून गेली. मास्तर माझ्यापासून चार हात दूर दगडावर बसले, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे.

"मले भेव लागते," ते म्हणाले.

"ऑपरेशनचं?"

"त्याचं बी. अन मायचं. तिले कळलं तर ते जेवन सोडीन. म्हनीन, वंश बुडवला."

"अन माह्यं?" मी विचारलं. "माह्यं भेव कधी लागलं का तुमाले? डॉक्टरीन बाई काय बोलली ते तुमी ऐकलं होतं. मी बेसुद होतो तरी ऐकलं. दोन वर्सं झाले. तुमी रोज रात्री भिताडाकडं तोंड करून झोपता, अन मले वाटते मी नकोशी झालो."

ते एकदम माझ्याकडं वळले.

"नकोशी?" म्हणाले. "अवं, मी भितो म्हनून तिकडं तोंड करतो. तुले हात लावला अन तू मेली तर?"

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस भिंतीशी बोलत होता, आणि मी त्या भिंतीचा हेवा करत होते. एकदा तोंड उघडलं असतं तर? पण तोंड उघडायचं कुठं, आत्याबाईंच्या कानात?

मग बोललो. सगळंच बोललो. मी म्हटलं, जीपवाले ओढून नेतील तसं जाऊ नका. ढोरासारखं कोणी नेऊ नये माणसाला. पण तिसरं लेकरू मला झेपायचं नाही, हेही खरं. तुम्हाला नातू द्यायचा असेल आत्याबाईंना, तर दुसरी पाहा, मी विशाखा-सुजाताला घेऊन माहेरी जाते.

"दुसरी पाहून काय करू?" मास्तर म्हणाले. "तिले घेऊन कोन्या जंगलात जाऊ?"

मला हसू आलं. नको होतं, पण आलं.

मग ते म्हणाले, "माह्या मनानं जातो. पोलीस नाई, जीप नाई. मंगळवारी दवाखान्यात, माह्या पायानं. तुह्यासाठी."

परत येताना त्यांनी माझा हात धरला. किसनसिंग समोरून आला तरी सोडला नाही. खोलीत गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून एक खाट ओढून दुसरीला लावली. टेबल व्हरांड्यात काढलं. एवढा आवाज झाला! "काय झालं व?" असं कोणीही विचारलं नाही.

एवढंच लिहिते. बाकीचं माझं.

सोमवार, संध्याकाळ, घरी

आत्याबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "अस्वल दिसलं काय?"

"दिसलं," मी म्हटलं. "गरीब हाय बिचारं."

मंगळवार, २३ नोव्हेंबर

मास्तर गेले. शाळेला म्हणून निघाले आणि दवाखान्यात गेले. दुपारी आले ते पाय फाकवून, चेहरा चुन्यासारखा पांढरा, पण मान ताठ. सुई टोचली तेव्हा डोळे मिटले नाहीत, असं तीनदा सांगितलं.

आत्याबाईंना सांगितलं, गळू झालं आहे. त्यांनी लगेच हळदीचा लेप वाटला आणि म्हणाल्या, "दाखव कुठं हाय." मास्तर ज्या वेगानं उठले, त्या वेगानं आज चालायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

रविवार, ५ डिसेंबर

मास्तर माझ्याकडं तोंड करून झोपतात. हळू आवाजात वर्गातल्या गमती सांगतात. काल मी एवढी हसले की आत्याबाई उठून बसल्या.

आज सकाळी हापशावर जाऊन स्वतः दोन बादल्या पाणी आणलं. बाया बघत होत्या. पंजाबराव मास्तरांच्या बायकोनं विचारलं, "काय जादू केली व गंगू?" मी म्हटलं, "निसर्ग!"

शुक्रवार, २४ डिसेंबर

तीन दिवसांपासून सकाळी उलट्या. पाळी कधीच चुकली आहे. आत्याबाईंनी ओळखलं आणि गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. त्यांना ऑपरेशनचं ठाऊक नाही.

मास्तर शाळेतून आले. मी दार लोटून सांगितलं. म्हटलं, ऑपरेशनच्या आधीचं आहे, बंगल्यावरचं. आणि मला फार भीती वाटते आहे.

ते खाली बसले. "नक्की आधीचंच ना?" म्हणत त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मी थांबले. आता हात धरतील म्हणून थांबले.

त्यांनी मूठ मिटली, उघडली, आणि पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला लागले.