दगडावरचा डबा

कापडे,
३ ऑगस्ट २०२५, सकाळ

चि. शुभम,

अनेक आशीर्वाद. भिक्षूला 'चि.' लिहावं की 'भन्ते', हे ठरवण्यात एक कागद वाया गेला. घरच्या शेंडेफळाला भन्ते म्हणायला जीभ रेटत नाही, सांभाळून घे.

इकडे ठीक. लावणी उरकली. पावसाळाभर एका जागी राहायचं, त्या वर्षावासाला तू आपल्याच रानात कुटी बांधलीस. तुमच्या ग्रंथांत अरण्य म्हणजे गावापासून पाचशे धनुष्यं लांब, म्हणजे किलोमीटरभर. आपल्या गोठ्यापासून तेवढं भरतं का, मला शंका आहे.

ओढा चढल्यापासून पलीकडच्या वाडीतली तुझी भिक्षा बंद, म्हणून आई रोज डबा घेऊन वर येते. तू मौन धरून, डोळे मिटून बसलेला. देवापुढे नैवेद्य ठेवावा तसा ती डबा दगडावर ठेवते आणि पाऊल न वाजवता परतते. दुसऱ्या दिवशी डबा तसाच. असे चार दिवस.

काल शाळा सुटल्यावर पोलादपूरहून आले. आई चुलीपुढे बसलेली.

"माझ्या हातचं नको झालंय गो त्याला. घर सोडताना मी वायट बोलले, ते धरून हाय."

"तू जेवलीस का?"

"तो उपाशी हाय नि मी जेवू?"

परवापासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नाही. सत्तरी उलटलीय तिची.

आता लिहितेच, मघापासून टाळतेय. कुणी हातात दिल्याशिवाय भिक्षूला अन्न घेता येत नाही, हे मला ठाऊक होतं. आई पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाली, "दगडावर ठेवून आले." मी गप्प बसले. वाटलं, भूक लागेल, उतरशील, घरीच राहशील. चार दिवस वर्गात 'रामः रामौ' घोकून घेतलं आणि रोज आईला विचारलं, "उतरला का?" तुझ्या मौनाला मी हट्ट म्हणते. (मूकव्रत तुझ्या बुद्धालाही पसंत नव्हतं, बघून घे.) माझ्या मौनाला काय म्हणायचं?

काल आईला सगळं सांगितलं. रागावली नाही. "मंग आधी नाय सांगायचं?" एवढंच म्हणाली नि तांदूळ निवडायला बसली.

हे पत्र तीच आणतेय. तू वाचत असशील तेव्हा ती डबा धरून समोर उभी असेल. आज खाली ठेवणार नाही. फार वेळ उभं राहणं तिला जमत नाही, शुभम. पात्र पुढे कर. तू घेतलंस की ती जेवेल.

माझ्याशी अबोला धरायचा असेल, तर जेवून धर.

तुझी, ठाऊक असून गप्प राहिलेली,
अनुताई