सहावी सनई

चि. विक्की यास,

अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम असे की माझे गुडघे दुखतात, मोहफुले गळतात आणि तुझी काकू बायनाबाई बोलते. अर्थात सर्व यथास्थित आहे.

तुझ्या ‘रानहाट’ ॲपने मोहाचा भाव सांगण्याच्या मिषाने ग्राहकांवर अनुमतीविना जाहिरातींचा वर्षाव केला, म्हणून ॲप-स्टोअरच्या धर्मपीठाने तुला निष्कासनाची नोटीस धाडली. भयाने तू जाहिराती बंद करून टाकल्या, आणि आता ‘आम्हांस त्या हव्याच होत्या’ असे गावातल्या बायांनी लिहून द्यावे, अशी तुझी विनंती आहे. (अत्तराच्या शिशीवर सवलत ही अरण्यवासीयांची मूलभूत गरज होती, असे मी त्यांच्या वतीने शपथेवर लिहून काढले.)

तथापि एक विलक्षण वृत्तांत ऐक. पहाटे मोह वेचताना प्रत्येक बाई आपापल्या झाडाखाली वाकलेली असते, आणि वाकलेला मनुष्य वाघास मनुष्य वाटत नाही. तुझी जाहिरात सनईच्या सुरात सर्व फोनांवर एकाच क्षणी अवतरे. पाच पदरांतून पाच सनया. बायांनी त्यांचीच हजेरी केली. एक सूर कमी पडला की बुधरी ओरडे, “दुर्गे, जित्ती हायेस का वं?” आणि झाडाआडून उत्तर येई, “मेली असती तं तुले सांगतलं नसतं काय!”

चैत्रात एके पहाटे सहावी सनई वाजली. नाल्याकडून. तिकडे कोणीही नव्हते.

रंभेचा नवरा डोमा याला माघात वाघाने तिथूनच नेले. देह सापडला, फोन सापडला नाही. रंभेने टोपली खाली ठेवली. “थो माह्या मानसाचा फोन हाये,” म्हणाली, आणि काठावर जाऊन बसली. बॅटरी माघापासून चैत्रापर्यंत टिकत नाही, हे मी विज्ञाननिष्ठ स्वरात प्रतिपादिले. बायनाबाई म्हणाली, “तुमाले एवढं कळते, तं जाऊन पाहा नं.” (मी गेलो नाही. मला मधुमेह आहे.)

त्यानंतर रोज ती सनई वाजे, रंभा ऐके आणि मुकाट्याने घरी येई. मग तुझे धर्मपीठ कोपले आणि अरण्य निःशब्द झाले. रंभा मात्र जातेच. वाजत नाही म्हणून उठत नाही. हाका मारल्या तर वळत नाही. रोज थोडी पुढे सरकते. काल ती नाला ओलांडून, झाडीकडे तोंड करून बसली होती.

पाच बायांची संमतिपत्रे सोबत आहेत. हे सर्व दुर्गेच्या फोनवरून छायाचित्र काढून धाडतो.

तुझा काका,
खुशाल

ता. क. संमतिपत्रांचे व्हायचे ते होवो. नियम मोड, दंड सोस, पण उद्या पहाटे डोमाच्या त्या एका फोनवर एक जाहिरात पाठव. कसलीही चालेल. त्याच्या वतीने रंभेने अनुमती दिली आहे.

पुनश्च ता. क. आज पहाटे वाजली. रंभा उठली, नाला ओलांडून परत आली, घरी येऊन जेवलीसुद्धा. तुझ्या तत्परतेची स्तुती करावी म्हणून दुर्गेचा फोन मागितला, तर या पत्राचे छायाचित्र अद्याप तिथेच अडकलेले; कालपासून नेटवर्क नाही.

तरीही जाहिरात तूच पाठवलीस, असे मला कळव. रंभेने काही विचारलेले नाही. मलाच हवे आहे.